धामण असेल तर खेळा

गोल्फच्या नियमावलीत सोळाव्या नियमाचं दुसरं कलम धोकादायक प्राण्यांना दिलेलं आहे. तुमचा चेंडू जिथे जाऊन थांबलाय त्याच्या आसपास एखादा असा प्राणी असेल, की आहे त्या जागेवरून चेंडू मारायला गेलात तर तुम्हाला गंभीर इजा होईल, तर चेंडू दुसरीकडे टाकायची मुभा आहे. दंड काही नाही. वाचकाचा गोंधळ नको म्हणून नमुन्यादाखल मंडळीही हजर केली आहेत: विषारी साप, डंख मारणाऱ्या माश्या, अ‍ॅलिगेटर, आगमुंग्या आणि अस्वल. सोसायटीचा सेक्रेटरी ज्या आवाजात 'गच्चीवर पापड वाळत घालू नयेत' असं कळवतो, त्याच आवाजात हे कलम अस्वलाबद्दल बोलतं.

मी गोल्फ खेळत नाही. आमचे साडू खेळतात. बँकेतून निवृत्त झाल्यावर माणसं सहसा ज्येष्ठ नागरिक संघात किंवा भगवद्गीतेत शिरतात. साडू गोल्फमध्ये शिरले. चाळीस वर्षं परिपत्रकं वाचून काढलेली असल्यामुळे त्यांना खेळाआधी नियम पाठ झाले आणि खेळ अजून यायचा आहे. कोणतंही कलम सांगताना ते आवाज खाली आणतात आणि शेवटी 'दंड नाही' हे दोन शब्द असे उच्चारतात, की समोरच्याला वाटावं याचं गृहकर्ज माफ झालं.

यादी कोणाच्या हातची आहे ते तिच्याकडे बघूनच कळतं. हे नियम दोन संस्था मिळून करतात. एक स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजची आर अँड ए, दुसरी अमेरिकेची यूएसजीए. स्कॉटलंडमध्ये विषारी सापाची एकच जात, अ‍ॅडर. आणि रानातली अस्वलं तिथून कित्येक शतकांपूर्वी नाहीशी झालेली. तेव्हा अ‍ॅलिगेटर, आगमुंग्या आणि अस्वल हा अमेरिकेकडचा आहेर, यात शंका नको. यादीत बिबट्या नाही, हत्ती नाही, गवा नाही. जुन्नरकडच्या एखाद्या ऊसवाल्याला समितीवर घेतलं असतं तर पहिलं नाव कोणाचं लागलं असतं ते सांगायला नको. साडूंना याची खंत नाही. 'अहो, "जसे की" म्हटलंय ना त्यांनी? मग सगळे आले त्यात. बँकेत आम्ही "इत्यादी" लिहायचो.'

प्राणी म्हणजे कोण, याचीही व्याख्या आहे. प्राणिसृष्टीतला कोणताही जिवंत जीव, मनुष्य सोडून. पक्षी आले, बेडूक आले, गांडुळं आली, कोळी आणि खेकडेसुद्धा आले. मनुष्य तेवढा वगळला. साडूंच्या चौकडीत एक निवृत्त कर्नल आहेत. त्यांचा चेंडू कोणत्या दिशेला जाईल याचा अंदाज त्यांना स्वतःला नसतो आणि त्यांच्या मागेपुढे उभं राहणारा माणूस डोक्यावर हात धरूनच उभा राहतो. पण कर्नल हे व्याख्येत बसत नसल्यामुळे त्यांच्यापासून फ्री ड्रॉप, म्हणजे ही बिनदंडाची मुभा, मिळत नाही.

आता ही मुभा घ्यायची कशी, ते बघा. जिथे धोका उरत नाही अशी सर्वांत जवळची जागा शोधायची. ती होलच्या आणखी जवळ नसावी. तिथून एक क्लब लांबीचं अंतर मोजायचं, म्हणजे पटर सोडून पिशवीतली सर्वांत लांब काठी, बहुधा ड्रायव्हर, जमिनीवर आडवी ठेवायची. मग त्या पट्ट्यात चेंडू गुडघ्याच्या उंचीवरून सोडायचा. 2018 पर्यंत तो खांद्याच्या उंचीवरून सोडायचा असे. 2019 मध्ये नियम बदलला आणि चेंडू गुडघ्यावर आला. शेजारी नाग असताना गुडघ्यापर्यंत वाकणं आणि ताठ उभं राहून खांद्यावरून चेंडू सोडणं, यांतलं तुम्हाला काय आवडेल ते समितीने विचारलेलं नाही. 'पळावं' असं तर संपूर्ण कलमात कुठेही नाही. अस्वल बघून माणूस पळाला तर तो होलच्या दिशेला पळाला की उलट, एवढ्यातच नियमाला रस आहे. एक दया मात्र दाखवली आहे. टाकायचा चेंडू पहिलाच असला पाहिजे असं नाही, दुसरा घेतला तरी चालतो. अस्वलाच्या पायाजवळचा चेंडू परत आणायला कोणी तुम्हाला पाठवणार नाही.

पूर्वी यासाठी वेगळं कलमच नव्हतं. खेळाडूंनी अडचणी कळवायच्या, समितीने निवाडे द्यायचे आणि त्या निवाड्यांचा एक जाडजूड ग्रंथ निघायचा. त्या ग्रंथात एक प्रकरण रॅटलस्नेकचं आणि मधमाश्यांचं होतं. चेंडू जिवंत रॅटलस्नेकजवळ थांबला तर काय? समितीने उत्तर दिलं, की खेळाडूने तिथून खेळावं अशी अपेक्षा करणं न्याय्य नाही. हा निष्कर्ष काढायला समिती बसली होती, हे मला फार आवडतं. 2019 मध्ये सगळ्या नियमांची मांडणी नव्याने झाली, 34 नियमांचे 24 झाले आणि या गरीब सापाला ग्रंथातून उचलून थेट नियमावलीत स्वतःचं घर मिळालं.

हे सगळं कागदावर. प्रत्यक्षात काय होतं ते मला साडूंनी एका रविवारी सकाळी दाखवलं. आमच्याकडचे गोल्फ कोर्स म्हणजे शहरात उरलेली शेवटची रानं. जी जनावरं आजूबाजूच्या प्लॉटांवरून बेघर झाली ती सगळी इथे बिनवर्गणीची सभासद होऊन राहतात. साडूंचा आणि कर्नलांचा सामना होता. हरेल त्याने सगळ्यांना ऑम्लेट-पाव खाऊ घालायचा. सातव्या होलला साडूंचा चेंडू नेहमीप्रमाणे उजवीकडे वळला आणि रफमध्ये, नाल्याच्या अलीकडच्या गवतात गेला. आम्ही पोचलो तेव्हा चेंडू दिसत होता आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर ऊन खात पडलेला साप दिसत होता. पिवळसर तपकिरी, चांगला पुरुषभर लांब. डोकं गवतात, शेपूट गवतात, मधला भाग सर्वांसमोर.

मी मागे सरकलो. साडू पुढे सरकले.

'नाग!' ते म्हणाले. नाग दिसल्यावर एखाद्याच्या आवाजात इतका आनंद मी नागपंचमीलासुद्धा ऐकलेला नाही.

चाळीस पावलांवरून कर्नलांचा आवाज आला, 'धामण.'

'तुम्हाला तिथून काय दिसतंय, कर्नल?'

'तुमचा चेहरा दिसतोय. धामण आहे.'

एवढ्यात माझ्या ध्यानात आलं, की हा जीवशास्त्राचा वाद नाही. धामण बिनविषारी. ती चावली तर दुखेल, रक्त येईल, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं लागेल. पण नियमाला हवी तशी गंभीर इजा व्हायची नाही. म्हणजे साप नाग असला तर साडूंना फ्री ड्रॉप. धामण असली तर तिच्याशेजारी उभं राहून मुकाट्याने खेळा, नाहीतर एक स्ट्रोकचा दंड भरून चेंडू हलवा. जगात सगळीकडे सापाजवळचा माणूस 'धामण असू दे रे देवा' म्हणतो आणि लांबचा माणूस 'नाग आहे, नाग आहे' म्हणून ओरडतो. इथे सगळं उलटं. ज्याच्या पायाशी साप होता तो त्याच्या विषारीपणाची हमी देत होता, आणि जो सुखरूप होता तो म्हणत होता की छे, अगदी निरुपद्रवी जनावर.

शेवटी कॅडीला विचारलं. कॅडी म्हणजे पलीकडच्या वस्तीतला विशीतला पोरगा. त्याने साडूंची पिशवी खाली ठेवली, वाकून बघितलं आणि म्हणाला, 'धामण हाय साहेब. उंदरामागं येती हितं.'

साडूंनी त्याच्याकडे असं बघितलं, की त्या दिवसाच्या टिपेचा निकाल तिथेच लागला. 'फणा बघू दे,' ते म्हणाले. 'फणा काढला की नाग.' आणि फणा निघावा म्हणून त्यांनी पाय आपटला. पुन्हा आपटला. धामणीने फणा काही काढला नाही. तिने गवतातून डोकं बाहेर काढलं, या चौघा म्हाताऱ्यांकडे आणि मी पाचवा माझ्याकडे एकदा बघून घेतलं, आणि कसलीही घाई न करता नाल्याकडे निघून गेली. साप गेला म्हणजे परिस्थिती संपली. परिस्थिती संपली म्हणजे मुभा संपली. बायकोच्या माहेरच्या नात्यातल्या माणसाबद्दल असं लिहू नये, पण साप निघून गेल्याचं इतकं खरं दुःख मी दुसऱ्या कुणाच्या तोंडावर बघितलेलं नाही. साडूंनी चेंडू मारला. तो बंकरमध्ये गेला.

ऑम्लेट-पाव खाताना त्यांनी आणखी एक कलम काढलं. सामना समोरासमोरचा नसून स्ट्रोक प्लेचा, म्हणजे एकूण फटके मोजण्याचा, असेल आणि आपला हक्क काय याबद्दल खेळाडूला शंका असेल, तर त्याला आधी तसं जाहीर करून दोन चेंडूंनी तो होल पुरा करता येतो. कोणता गुण धरायचा ते समिती मागाहून ठरवते. 'म्हणजे नागाचा एक आणि धामणीचा एक,' साडू म्हणाले. कर्नलांनी पावाला लोणी लावता लावता विचारलं, की यांतला धामणीचा चेंडू सापाशेजारी उभं राहूनच मारायचा ना? आणि समितीने मागाहून तो नाग होता असं ठरवलं तर गुणपत्रक कोणी सही करून द्यायचं, वहिनींनी का?

हे आपल्या साडूंपुरतं आहे असं समजू नका. जुलै 2020 मध्ये अमेरिकेत मेम्फिसला व्यावसायिकांची मोठी स्पर्धा चालू होती. ब्रायसन डीशँबो हा त्या वेळचा सर्वांत लांब चेंडू मारणाऱ्यांतला गडी. सातव्या होलवर त्याचा चेंडू अडचणीच्या जागी गेला. तिथे मुंग्या होत्या. त्याने पंचांना बोलावलं आणि सांगितलं, की या आगमुंग्या आहेत, मला फ्री ड्रॉप द्या. पंच आले, वाकले, बघितलं. त्यांना काही पटेना. डीशँबोने दुसऱ्या पंचांना बोलावलं. त्यांनाही पटेना. कोट्यवधी डॉलरच्या खेळातला एक धिप्पाड पुरुष आणि दोन पंच, असे तिघे जमिनीकडे बघत मुंगीच्या जातीचा दाखला तपासताहेत, हे दृश्य साऱ्या जगाने टीव्हीवर पाहिलं. दाखला काही मिळाला नाही. डीशँबोने होता तिथूनच चेंडू मारला आणि त्या होलला पारपेक्षा, म्हणजे नेमून दिलेल्या फटक्यांपेक्षा, दोन स्ट्रोक जास्त लागले. सातवाच होल, हे साडू मला मुद्दाम सांगतात. त्या दिवसापासून ते डीशँबोला भावबंद मानतात.

आणि जातीचा दाखला मिळाला म्हणजे काम झालं असंही नाही. समजा नाग खरा आहे, फणा काढून बसलाय, कर्नलांनाही मान्य आहे. पण चेंडू घाणेरीच्या जाळीत खोल गेला असेल, तर नियम विचारतो, की नाग नसता तर तुम्ही हा चेंडू मारू शकला असता का? नसता मारता आला ना? मग तुमची अडचण घाणेरी आहे, नाग नव्हे. मुभा नाही. म्हणजे नाग भेटायचा तर मोकळ्या जागी भेटावा. वनस्पतींच्या बाबतीत तर हा ग्रंथ अगदीच कोरडा आहे. अमेरिकेत पॉयझन आयव्ही म्हणून एक वेल असते, तिला हात लागला की अंगाची लाही होते. तिथे काट्यांचे निवडुंगही भरपूर. यांच्यापासून आपोआप सुटका नाही. एखाद्या क्लबाने वेगळा स्थानिक नियम केला असेल तरच. धोकादायक म्हणवून घ्यायचं तर जिवंत असून भागत नाही, हलावं लागतं. कोकणात कोणी गोल्फ कोर्स काढला आणि चेंडू खाजकुयलीत गेला तर गोल्फरने काय करायचं? खाजवायचं आणि खेळायचं.

पाण्यातला हिशेब आणखी मजेचा. तळी, ओढे, नाले यांना पेनल्टी एरिया म्हणतात. चेंडू तिथे गेला ही तुमची करणी. तिथे वर मगरही निघाली, तर फुकटची मुभा त्या पेनल्टी एरियाच्या आतल्या आत आहे. मगरीपासून बाजूला व्हा, पण तळ्याच्या हद्दीतच राहा. हद्दीबाहेर यायचं तर एक स्ट्रोक मोजा. मगर आली हा योगायोग मान्य, पण तळ्यात कोण गेलं होतं? हा न्याय ऐकून आमच्या साडूंचे डोळे पाणावले. कर्जवसुली विभागात त्यांची हयात गेली आहे.

दक्षिण आफ्रिकेत सन सिटीला एक कोर्स आहे. तिथल्या तेराव्या होलचं ग्रीन, म्हणजे होलभोवतीची कापलेली हिरवळ, आफ्रिका खंडाच्या आकाराचं आणि समोरच्या खड्ड्यात खऱ्याखुऱ्या नाईल मगरी, मुद्दाम पाळलेल्या. ही कल्पना ज्याला सुचली त्याच्याशी माझं पटलं नसतं. फ्लोरिडात मात्र अ‍ॅलिगेटर पाळावे लागत नाहीत, ते स्वतःच येतात. 2017 मध्ये बे हिल इथल्या स्पर्धेत एक अ‍ॅलिगेटर काठावर पसरला होता. कोडी ग्रिबल नावाचा खेळाडू चालत चालत आला, त्याने अ‍ॅलिगेटरच्या शेपटीवर हाताने चापट मारली, अ‍ॅलिगेटर पाण्यात गेला आणि ग्रिबल चालतच पुढे गेला. नियमात अशी चापट मारायला मनाई नाही. सांगायची गरजच पडेल असं कोणाला वाटलं नसावं.

ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनजवळ कार्बरूक नावाचा क्लब आहे. 1990 च्या दशकात नद्यांना पूर आले, पाणी कोर्सवरच्या तळ्यात शिरलं आणि ओसरलं तेव्हा बुल शार्क आत राहिले. बुल शार्कला गोडं पाणी चालतं. हे शार्क चौदाव्या होलच्या शेजारी साधारण 17 वर्षं राहिले. क्लबाने त्यांना हाकललं नाही, घाबरूनही गेला नाही. शार्कचं चित्र बोधचिन्हात घेतलं आणि त्यांच्या नावाने स्पर्धा भरवायला लागला. आपल्याकडे तळ्यात काही निघालं तर आधी देऊळ झालं असतं. बाकी शार्क हा गोल्फला सर्वांत सोयीचा धोकादायक प्राणी म्हणायचा. तो काठावर येत नाही आणि तळाशी गेलेले चेंडू शोधायला सभासदही पाण्यात उतरत नाहीत.

पण या विषयात मला खरा मान द्यावासा वाटतो तो पूर्व आफ्रिकेतल्या क्लबांना. व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी केनियात किसुमू आहे. तिथल्या न्यान्झा क्लबाचा स्थानिक नियम गोल्फच्या जगात प्रसिद्ध आहे. चेंडू पाणघोड्याच्या किंवा मगरीच्या धोकादायक जवळिकीत थांबला, तर सुरक्षित अंतरावर दुसरा चेंडू टाकावा, होलच्या जवळ नको, दंड नाही. त्याच सरोवराच्या युगांडाकडच्या काठावर जिंजा. तिथे पाणघोडे रात्री चरायला कोर्सवर येतात आणि सकाळी गवतात पावलांचे खड्डे दिसतात. चेंडू अशा पावलात पडला तर उचलून बाहेर टाकायची सोय तिथल्यांनी केली. पाणघोडा गेला तरी त्याच्या पायाचा हिशेब उरतो, हे ज्याने पहिल्यांदा ओळखलं तो खरा कारकून. दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर अभयारण्यात तर स्कुकुझा नावाचा कोर्स आहे, 1972 पासूनचा, आणि त्याला कुंपण नाही. जनावरं कोर्सवर येतात असं तिथे म्हणणंच चूक. गोल्फर अभयारण्यात येतात.

प्राणी मेल्यावर नियमात त्याची जात बदलते. जिवंत साप ही बाह्य शक्ती, मेलेला साप हा कचरा. सुकी पानं, खडे, काटक्या यांच्या वर्गात त्याची रवानगी होते आणि तुम्ही त्याला हाताने उचलून बाजूला ठेवू शकता, दंड नाही. तो कोणत्या वर्गात आहे हे नक्की कसं कळायचं, ते तुम्ही आणि साप मिळून बघा. याच वर्गात प्राण्यांची विष्ठा आहे, मुंग्यांची वारुळं आहेत आणि कोळ्याची जाळीसुद्धा. कोडाईकनालच्या कोर्सवर गवे फिरतात. गवा फिरला म्हणजे मागे शेणाचा पो आला. चेंडू पोला टेकून थांबला असेल तर पो उचलून बाजूला करायला हरकत नाही, मात्र तो करताना चेंडू हलला की एक स्ट्रोक दंड. म्हणजे सुबकपणे, दोन्ही हातांनी, कुलदैवताचा टाक उचलावा तसा तो उचलायचा. आणि हे शेण चेंडूलाच चिकटलेलं असेल तर? तर ते कचऱ्यात मोडत नाही, कारण चिकटलेली वस्तू सुटी नसते. पुसायचं नाही, आहे तसा मारायचा. मारताना तोंड मिटलेलं ठेवावं, हे नियमात नाही, पण साडू सांगतात.

चोरांसाठी वेगळं प्रकरण आहे. थांबलेला चेंडू प्राण्याने हलवला किंवा पळवला, हे ठाऊक असेल किंवा जवळजवळ खात्रीचं असेल, तर चेंडू मूळ जागी ठेवायचा, दंड नाही. 1998 मध्ये फ्लोरिडातल्या प्लेयर्स चँपियनशिपमध्ये ब्रॅड फेबलचा चेंडू सतराव्या होलच्या, पाण्याने वेढलेल्या ग्रीनवर छान पडला होता. एका सीगलने तो चोचीत धरला, उडाला आणि पाण्यात टाकला. फेबलला चेंडू पुन्हा ग्रीनवर ठेवायला मिळाला. आपल्याकडे हे खातं कावळ्यांकडे आहे. कावळ्याला ते अंडं वाटतं असं म्हणतात. मला तसं वाटत नाही. कावळ्याला एकदा फसवता येईल, रोज नाही. तो निव्वळ गंमत म्हणून नेत असणार.

व्यवस्थापनाच्या व्याख्यानांत एक गोष्ट हमखास सांगतात. इंग्रजांच्या काळात कलकत्त्याच्या गोल्फ कोर्सवर माकडं चेंडू पळवायची, म्हणून शेवटी साहेबाने नियम केला, की माकड जिथे चेंडू टाकेल तिथून खेळा. मग व्याख्याता थांबतो, श्रोत्यांकडे बघतो आणि आयुष्याबद्दल काहीतरी सांगतो. साडूंनी बँकेच्या प्रशिक्षणात ही गोष्ट अनेकदा ऐकली आणि दर वेळी टाळ्या वाजवल्या. आता नियम पाठ झाल्यावर त्यांना तिचा संताप येतो. 'अहो, रॉयल कलकत्ता 1829 चा क्लब. ब्रिटिश बेटांच्या बाहेरचा सर्वांत जुना. तिथे असं चालेल? माकडाने पळवला तर मूळ जागी ठेवायचा, फुकट! आयुष्यभर हे लोक आम्हाला माकडाच्या जागेवरून खेळवत राहिले.' निवृत्तीवेतनात फरक मिळेल का, एवढंच त्यांनी अजून विचारलेलं नाही.

राहता राहिला प्रश्न, प्राण्याने खरंच काही केलं तर काय. त्याचीही तरतूद आहे. खेळाडूला इजा झाली किंवा तो आजारी पडला तर समिती त्याला सावरायला वेळ देऊ शकते, साधारणपणे 15 मिनिटांपर्यंत. नाग चावलेल्या माणसाने पंधरा मिनिटांत आटोपावं, ही अपेक्षा थोडी पुणेरी वाटते. पण लोक आटोपतात. एप्रिल 2014 मध्ये मलेशियन ओपनमध्ये पाब्लो लाराझाबाल या स्पॅनिश खेळाडूवर गांधीलमाश्यांचा थवा तुटून पडला. आधी तो पळाला. कोणीतरी सुचवलं, पाण्यात उडी मार. त्याने अंगातला शर्ट आणि पायातले बूट काढून तळ्यात उडी मारली. बाहेर आला, डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, त्याने कपडे बदलले आणि त्याच होलला बर्डी केली, म्हणजे पारपेक्षा एक स्ट्रोक कमी. सह्याद्रीत आग्या मोहोळ उठल्यावर किल्ला उतरलेली माणसं मी बघितली आहेत. त्यांना आपलं नाव सांगता येत नव्हतं.

कसलीही आपत्ती आली तरी स्ट्रोक मोजायचे, ही या खेळाची परंपराच आहे. 1940 मध्ये लंडनजवळच्या रिचमंड गोल्फ क्लबाने युद्धकाळापुरते तात्पुरते नियम काढले होते. बाँब पडत असताना स्पर्धेतल्या खेळाडूने आडोसा घेतला तर खेळ थांबवल्याचा दंड नाही. ऐन फटक्याच्या वेळी बाँब फुटून फटका बिघडला तर त्याच जागेवरून पुन्हा मारावा, मात्र एक स्ट्रोक दंड. धामणीला फ्री ड्रॉप का नाही, ते मला हा नियम वाचल्यावर समजलं. जे लोक जर्मन विमानांना एक स्ट्रोक लावतात ते धामणीला काय भीक घालणार.

साडूंनी मात्र हार मानलेली नाही. गेल्या महिन्यात त्यांच्या क्लबावर एका सर्पमित्राचं व्याख्यान होतं. मला घेऊन ते पहिल्या रांगेत बसले, वही काढली, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं यांच्या खाणाखुणा उतरवून घेतल्या. धामणीची चित्रफीत लागली तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं. व्याख्यान संपल्यावर सर्पमित्राला गाठून ते म्हणाले, 'तुम्ही नाग पकडल्यावर सोडता कुठे?'

'वनखात्याला कळवून योग्य अधिवासात सोडतो, काका. पाणी जवळ असावं, उंदीर असावेत, माणसांची फार ये-जा नसावी.'

'अगदी बरोबर,' साडू म्हणाले आणि त्याच्या खांद्यावर हात टाकून त्याला खिडकीपाशी घेऊन गेले. 'ते बघा. सातवा होल. उजवीकडे नाला दिसतोय? त्याच्या अलीकडे गवत आहे. तिथे माझ्याशिवाय कोणी जात नाही.'